वाचकांचे प्रश्न : थट्टा कोणाला परवडते?

प्रश्न : २०१० साली पोप बेनेडिक्ट सोळावे ब्रिटनला गेले, तेव्हा लंडनमध्ये त्यांच्याविरुद्ध मोर्चा निघाला आणि बरीच टिंगलटवाळी झाली. तुम्ही तेव्हा तिथे होतात, असं मागे लिहिलं होतंत. पाहुण्या धर्मगुरूची अशी थट्टा तुम्हाला पटली का? आणि पोलिसांनी ती चालू कशी दिली?

उत्तर : मी मोर्चात नव्हते, फुटपाथवर होते. १८ सप्टेंबर, शनिवार. मोर्चा हाइड पार्क कॉर्नरवरून पिकॅडिलीमार्गे पंतप्रधानांच्या घराकडे निघाला आणि त्याच पार्कात संध्याकाळी पोपची प्रार्थनासभा. त्यामुळे भुयारी रेल्वेच्या जिन्यावर गंमतच झाली. व्हॅटिकनचे पिवळे-पांढरे झेंडे घेतलेल्या आज्या वर येताहेत आणि त्यांच्यातच पुठ्ठ्याचा उंच पोपमुकुट घातलेली एक बाई वाट काढतेय. मुकुटाची पिन तिच्या केसांत अडकली होती. ती सोडवली एका झेंडेवाल्या आजीनेच, न बोलता.

राग नुसता देवाधर्मावर नव्हता. १९८२ मध्ये आधीचे पोप जॉन पॉल दुसरे आले ते धर्मकार्यासाठी. २०१०ची भेट मात्र 'राजकीय', म्हणजे राणीने सरकारी इतमामाने बोलावलेली, पोपची अशी पहिलीच. पोलीस बंदोबस्त सोडूनच सरकारी खर्च एक कोटी पौंडांच्या घरात जाणार, अशा बातम्या होत्या आणि तेही नव्या सरकारने काटकसरीची कात्री काढलेली असताना. त्यात पाद्र्यांनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणं आणि ती दडपल्याचा आरोप. त्या विषयावरचे फलक धरलेल्यांपैकी कोणी हसत नव्हतं. पोपनी काही पीडितांची भेट घेतली तीही त्याच दिवशी, विम्बल्डनमधल्या व्हॅटिकनच्या दूतावासात.

न पटलेलं सांगते. माझ्या ऑफिसातली एक कॅथलिक मैत्रीण आईला घेऊन प्रार्थनेला आली होती. कोणीतरी निरोधाचा फुगा त्या म्हातारीच्या तोंडासमोर नाचवला. गर्भनिरोधनाला विरोध पोपचा होता, तो फुगा त्यांच्या गाडीसमोर नाचवायचा. गुडघेदुखी सांभाळत आलेल्या बाईला त्याचं काय?

खरं तर सगळ्यात तिखट चेष्टा मोर्चेकऱ्यांची नव्हतीच, ती सरकारी कचेरीतून आली. दौऱ्याची तयारी करताना परराष्ट्र खात्यात एक टिपण फिरलं, ते एप्रिलमध्ये वर्तमानपत्राच्या हाती लागलं. पोपनी 'बेनेडिक्ट' छापाचे निरोध बाजारात आणावेत, गर्भपात केंद्राचं उद्घाटन करावं, समलिंगी लग्नाला आशीर्वाद द्यावा, राणीबरोबर गाणं म्हणावं! खात्याला माफी मागावी लागली. कनिष्ठ अधिकाऱ्याला दुसरं काम दिलं गेलं, बस्स.

आणि मोर्चाच्या आदल्या पहाटे लंडनचे पाच रस्तासफाई कामगार, पोपना धोका असल्याच्या संशयावरून, पोलिसांनी दहशतवादविरोधी कायद्याखाली उचलले, दिवसभरात सहावा. उपाहारगृहात केलेल्या थट्टेचे बोल कोणाच्या तरी कानावर पडले, असं नंतर वर्तमानपत्रांत आलं. आरोप एकावरही ठेवला नाही, सगळे सुटले. पोलिसांनी थट्टा चालू कशी दिली, असं तुम्ही विचारता. मुकुटवाल्या बाईची चालू दिली. ईश्वरनिंदेचा गुन्हा इंग्लंडमध्ये २००८ सालीच रद्द झाला होता, मोर्चाचा रस्ता ठरलेला होता, हवालदार बाजूने निवांत चालत होते. झाडूवाल्यांची थट्टा मात्र नाही चालली. मला त्या अख्ख्या दौऱ्यात खटकलं ते हे.

प्रश्न : अशा वेळी निषेधाला कायद्यानेच बंदी घालता येत नाही का?

उत्तर : सिडनीत घालून पाहिली. जुलै २००८ मध्ये हेच पोप जागतिक युवा मेळाव्याला जाणार होते. यात्रेकरूंना 'वैताग किंवा गैरसोय' होईल असं वागणाऱ्याला पोलीस थांबवू शकतात आणि न ऐकल्यास ५,५०० डॉलरपर्यंत दंड, असा नियम तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या सरकारने केला. टी-शर्टावरच्या विनोदाने कोणाला वैताग आला तर? दोन निदर्शक तरुणी न्यायालयात गेल्या. मेळावा सुरू झाला त्याच दिवशी, १५ जुलैला, निकाल लागला. 'वैताग' रद्द झाला, 'गैरसोय' राहिली.