घाटात बंद, निवल्यावर चालू

प्रश्न : माझी नऊ वर्षांची पेट्रोल गाडी खंबाटकी घाट चढताना अचानक बंद पडली. स्टार्टर जोरात फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली. गॅरेजमध्ये बॅटरी बदलली. आठवड्याने पुन्हा तेच. काय असेल?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बॅटरीचे पैसे वाया गेले, याचं वाईट वाटतं. स्टार्टर जोरात फिरत होता म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. तापल्यावर बंद, निवल्यावर चालू हे ऐकलं की माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनाचं फिरणं टिपणाऱ्या सेन्सरवर जातो. उष्णतेने त्याच्या आतलं वायरिंग दगा देतं, इंजिन फिरतंय हे ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला कळतच नाही. मग ठिणगी नाही आणि पेट्रोलही नाही. पुन्हा बंद पडली तर स्टार्टर मारताना आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा बघा. बऱ्याच गाड्यांत तो थोडा हलतो. जागचा हलला नाही, तर बहुधा सेन्सरच. हलला, तर चावी ऑन करून मागच्या सीटजवळ कान द्या. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाची दोनेक सेकंद घरघर ऐकू यायला हवी. नसेल तर आधी त्याचा फ्यूज आणि रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) बघा, पंप नंतर. मेकॅनिकला गाडी गरम असतानाच दाखवा, थंड गाडीत हा दोष लपतो. आणि तोवर कुटुंबाला घेऊन घाटात जाऊ नका, ही कळकळीची विनंती.