स्टकिस्ट चित्रकारांच्या लिव्हरपूलच्या प्रदर्शनावर एवढा वाद का झाला? त्यांच्यासारखा जाहीरनामा काढून आम्ही नागपुरात प्रदर्शन भरवावं का?

प्रदर्शन जरूर भरवा, पण जाहीरनामा काढू नका.

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पाच जण नोकरी सांभाळून माणसांची चित्रं काढता, कुणीच कला महाविद्यालयात शिकलेलं नाही, आणि स्टकिस्टांबद्दल वाचून हुरूप आला. असा हुरूप मोलाचा असतो. मी नागपूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि स्वतःही माणसंच काढतो, म्हणून तुमचा प्रश्न वाचून सविस्तर लिहायला बसलो. स्टकिस्टांकडून घेण्यासारखं बरंच आहे, तसंच सोडून देण्यासारखंही.

स्टकिस्ट म्हणजे रंगवलेल्या चित्राचाच आग्रह धरणारा ब्रिटिश चित्रकारांचा गट. एक गोष्ट आधी सांगतो. हे लोक कधी ब्रश न धरलेले हौशी नव्हते. १९९९ मध्ये बिली चाइल्डिश आणि चार्ल्स थॉमसन यांनी गट काढला तेव्हा त्यात तेरा जण होते. चाइल्डिशला लंडनच्या सेंट मार्टिन्स कला महाविद्यालयातून काढून टाकलेलं. थॉमसन मेडस्टोनला चित्रकलेच्या पदवीत नापास झालेला. म्हणजे दारापर्यंत जाऊन परत पाठवलेली माणसं. त्यातले कितीतरी जण केंटमधल्या मेडवे भागातले, कविता वाचणारे, पंक बँडमध्ये वाजवणारे. चाइल्डिशची एके काळची मैत्रीण ट्रेसी एमिन त्याला चिडून म्हणाली होती की तू अडकलायस, तुझी चित्रं अडकलीत. अडकलेला म्हणजे इंग्रजीत ‘स्टक’, त्यावरूनच गटाने नाव घेतलं. त्याच एमिनने १९९९ च्या टर्नर पारितोषिकाच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या समकालीन कलेच्या मोठ्या बक्षिसाच्या, प्रदर्शनात स्वतःचा न आवरलेला पलंग मांडला आणि ती जगभर गाजली.

त्या काळचं लंडन डोळ्यांसमोर आणल्याशिवाय त्यांचा राग कळत नाही. डेमियन हर्स्ट या कलाकाराने १९९१ मध्ये रसायनात ठेवलेला शार्क ही कलाकृती म्हणून बनवली होती. जाहिरातक्षेत्रातले चार्ल्स साची अशा कलाकारांची कामं विकत घेत होते, टेट ही सरकारी संस्था दरवर्षी टर्नर पारितोषिक देत होती, आणि वर्तमानपत्रांत रोज त्याचीच चर्चा. कॅनव्हाससमोर उभं राहून शेजाऱ्याचा चेहरा रंगवणाऱ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. २००० पासून स्टकिस्ट विदूषकाचे कपडे घालून टेट ब्रिटनच्या दारात टर्नर पारितोषिकाविरुद्ध उभे राहू लागले. २००३ मध्ये त्यांनी स्वतःच्या छोट्या गॅलरीत एक खराखुरा शार्क टांगला. एडी साँडर्स नावाच्या दुकानदाराने तो १९८९ मध्येच, म्हणजे हर्स्टच्या दोन वर्षं आधी, आपल्या दुकानात लावला होता. सोबतचा फलक सांगत होता की मेलेला शार्क म्हणजे कला नव्हे.

आता चित्रांविषयी. मी ती छापील पानांवर आणि पडद्यावर पाहिली आहेत. थॉमसनची चित्रं सपाट, भडक रंगांची आणि जाड काळ्या रेषेची. त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र २००० मधलं: टेटचे संचालक निकोलस सेरोटा हसतायत, समोर एक लाल चड्डी, आणि ते विचारतायत की ही एमिनची खरी कलाकृती आहे की कवडीमोल नक्कल. आपल्या मारबतीच्या मिरवणुकीत तान्हा पोळ्याच्या दिवशी जे बडगे, म्हणजे टीकेचे पुतळे, निघतात, त्याच जातीचं हे चित्र आहे. चेहरा ओळखू येतो, मजकूर वाचता येतो, आणि लहान पोरालाही कळतं की टोला कुणाला आहे. पण सगळा गट असा नाही. जो मशीनच्या चित्रांत खलाशी आहेत, मारामाऱ्या आहेत, शरीरांचा दांडगेपणा आहे, आणि ते पाहिल्यावर हा माणूस त्या जगात वावरलाय याबद्दल शंका राहत नाही. फिलिप ॲब्सोलन बेकारीत दिवस काढलेला. त्याच्या चित्रातल्या सांगाड्यांकडे मी पुन्हा पुन्हा परत जातो. उलट काहींचं रेखाटन इतकं कच्चं आहे की भावना कितीही सच्ची असली तरी चित्र उभं राहत नाही. इतक्या जणांच्या गटात हे व्हायचंच.

लिव्हरपूलचं प्रदर्शन १८ सप्टेंबर २००४ ला वॉकर आर्ट गॅलरीत सुरू झालं आणि फेब्रुवारी २००५ पर्यंत चाललं. शहरात तेव्हा लिव्हरपूल बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी होणारा कला-महोत्सव, भरली होती, चहूकडे मांडणशिल्पं आणि व्हिडिओ. अशा वेळी एका मोठ्या सरकारी संग्रहालयाने या भांडखोर चित्रकारांना दालनं दिली. तोवर कुठल्याही राष्ट्रीय संग्रहालयाने त्यांना असं स्थान दिलं नव्हतं. काही समीक्षक तुटून पडले: रेखाटन वाईट, विचार जुनाट, प्रसिद्धीसाठी आरडाओरडा करणाऱ्यांना जनतेच्या पैशाने प्रतिष्ठा कशाला?

माझ्या मते वॉकरने केलं ते बरोबर केलं. आज काय रंगवलं जातंय ते लोकांसमोर ठेवणं हे एक काम. पुढच्या दोनशे वर्षांसाठी काय जपायचं ते ठरवणं हे अगदी निराळं काम. पहिल्या कामाला कुतूहल लागतं, दुसऱ्याला कठोर निवड. वॉकरने पहिलं काम केलं आणि समीक्षकांनी त्याला दुसऱ्या कामाची फूटपट्टी लावली. प्रदर्शन म्हणजे प्रमाणपत्र, असं धरून चाललं की नव्या माणसाला भिंत मिळायची वाटच बंद होते.

आणि लिव्हरपूलला याची सवय होती. १८४८ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या काळात, लंडनच्या काही तरुण चित्रकारांनी प्री-रॅफेलाइट बंधुसंघ काढला तेव्हा त्यांचीही अशीच खिल्ली उडवली गेली. १८५० मध्ये त्यांच्यातल्या मिलेने येशूचं बालपण सुताराच्या लाकूडभुशातल्या कारखान्यात दाखवलं म्हणून चार्ल्स डिकन्सने त्याच्यावर जहरी टीका केली. पण पुढच्याच वर्षी लिव्हरपूल अकादमीने त्याच गटातल्या होल्मन हंटच्या चित्राला बक्षीस दिलं. मिलेचं १८४९ चं ‘इझाबेला’ आज वॉकरमध्येच आहे. स्टकिस्टांच्या प्रदर्शनाच्या नावात पंक आणि व्हिक्टोरियन हे दोन्ही शब्द होते, त्याचं कारण याच इतिहासात आहे. यावरून स्टकिस्ट पुढचे मिले ठरतील असं मी म्हणत नाही. खिल्ली उडाली म्हणून कुणी थोर होत नसतो. आधी भिंत द्या, निकाल लागायचा तेव्हा लागेल, इतकंच माझं म्हणणं.

यानंतर जे झालं ते जास्त बोधक आहे. २००५ मध्ये थॉमसनने वॉकरच्या प्रदर्शनातली १६० चित्रं टेटला भेट देऊ केली. टेटने नकार दिला. राष्ट्रीय संग्रहात कायम जपण्याइतकी गुणवत्ता किंवा विचारांची नवलाई त्यांत दिसत नाही, असं कारण सेरोटांच्या पत्रात होतं. स्टकिस्ट खवळले. मला मात्र या नकारात अन्याय दिसत नाही. एका झटक्यात १६० चित्रं स्वीकारणं कुठल्याच संग्रहालयाला शोभलं नसतं. त्यातली चार-पाच निवडून मागायला हवी होती असं मला वाटतं, पण तो निवडीचा हक्क त्यांचा.

मग थॉमसनने टेटचं दप्तर उघडलं. त्याच वर्षी टेटने ख्रिस ओफिलीची माकडांची तेरा चित्रं विकत घेतली होती, आणि ओफिली तेव्हा टेटचाच विश्वस्त होता. माहितीच्या अधिकारात किंमत बाहेर आली, ७,०५,००० पौंड. २००६ मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगाने टेटवर ठपका ठेवला, कारण विश्वस्ताचं काम विकत घेण्याआधी घ्यायची परवानगी घेतलेली नव्हती. स्टकिस्टांचं सगळ्यात मोठं सार्वजनिक काम मी हेच मानतो. लोकांचा पैसा कोण, कुणासाठी, कसा खर्च करतं हे विचारायला बाहेरचाच माणूस लागला. आतल्यांपैकी कुणी विचारलं नसतं.

पण नीट पाहा, टेट पकडली गेली ती कशासाठी? तेरा पेंटिंग्जसाठी. पलंग नव्हे, शार्क नव्हे, कॅनव्हासवरची चित्रं. म्हणजे टेटला पेंटिंगचाच तिटकारा आहे हा स्टकिस्टांचा मूळ दावा त्यांच्याच सर्वात मोठ्या विजयात खोटा पडला. शिवाय आपल्याकडचे भूपेन खख्खर घ्या. पेशाने चार्टर्ड अकाउंटंट, चित्रकला स्वतःच्या हिमतीवर शिकलेले, माणसांची चित्रं काढणारे. बडोद्याचे न्हावी, घड्याळजी, स्वतःचं समलैंगिक आयुष्य, सगळं त्यांनी रंगवलं. त्यांचं १९८१ चं एक मोठं चित्र टेटने १९९६ मध्ये घेतलं, आणि २०१६ मध्ये, सेरोटाच संचालक असताना, टेट मॉडर्नमध्ये त्यांचं भलंमोठं प्रदर्शन भरलं. तेव्हाही लंडनच्या एका समीक्षकाने त्यांना झोडपलं, आणि इकडचे चित्रकार त्याच्यावर संतापले. स्वतः शिकलेला, आकृती काढणारा माणूस त्या दारातून आत गेला तो जाहीरनाम्याशिवाय.

जाहीरनामा काढू नका म्हणतो ते यासाठीच. स्टकिस्टांच्या १९९९ च्या जाहीरनाम्यात वीस मुद्दे आहेत. त्यातला एक म्हणतो, जे रंगवत नाहीत ते कलाकारच नव्हेत. एका वाक्यात त्यांनी जगातले निम्मे कलाकार बाद केले आणि स्वतःच्या चित्रांवर ओझं लादून ठेवलं. लोक चित्राकडे पाहायला आले की आधी जाहीरनामा आठवायचा, मग भांडण सुरू व्हायचं, आणि ॲब्सोलनचा सांगाडा तसाच भिंतीवर राहायचा. खुद्द चाइल्डिश २००१ मध्येच गटातून बाहेर पडला.

आपल्याकडे बंडखोर गट झालेच नाहीत असं नाही. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप झाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. यातले सय्यद हैदर रझा आणि हरी अंबादास गाडे हे दोघेही नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले! गाडे तर आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. नागपूरकरांना हे सांगितलं की अजूनही आश्चर्य वाटतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. १९४९ मध्ये सूझाची चित्रं अश्लील ठरवून मुंबईच्या एका प्रदर्शनातून काढायला लावली, पोलीस त्याच्या घरी गेले, आणि त्याच वर्षी तो लंडनला निघून गेला. या गटाचंही पहिलं प्रदर्शन १९४९ चंच. पण आज आपण त्यांच्या घोषणा आठवत नाही, सूझाचे खिळ्यांसारख्या रेषांचे चेहरे आठवतो.

आता नागपूरचं. आपल्या लोकांना मनुष्याकृतीची भीती किंवा परकेपणा अजिबात नाही. मारबत आणि बडगे पाहायला महाल-इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर बाबासाहेबांची आणि बुद्धाची चित्रं घ्यायला लोक खेड्यापाड्यांतून येतात, हातात घेऊन चेहरा निरखून पाहतात, डोळे बरोबर उतरले नसतील तर ठेवून देतात. यापेक्षा कडक परीक्षक तुम्हाला कुठल्या गॅलरीत भेटणार? तुमचा प्रेक्षक तयार आहे. तो गॅलरीत येत नाही, कारण त्याला कुणी बोलावत नाही.

तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात किंवा चिटणवीस सेंटरला चौकशी करा. पाच जणांची मिळून पंचवीसच चित्रं लावा, साठ नकोत. निवड एकमेकांची करा, स्वतःची नको, त्यात जे वाद होतील ते प्रदर्शनाआधीच होऊन जाऊ द्या. प्रत्येक चित्राखाली मराठीत नाव, माध्यम, वर्ष आणि किंमत. किंमत लपवली की साधा माणूस विचारायला लाजतो. ‘आम्ही कुणाविरुद्ध’ असा एक शब्दही दारावर नको. लक्ष्मीनगरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना आणि तिथल्या शिक्षकांना स्वतः जाऊन बोलावून या. ते रेखाटनातल्या चुका दाखवतील. त्या ऐकून घ्या, वहीत लिहून ठेवा, कारण ती शिकवणी तुम्हाला फुकट मिळतेय.

कुणी एखाद्या चित्रावर आक्षेप घेतला, आणि नग्नाकृती असेल किंवा पुढाऱ्याचा चेहरा असेल तर घेतला जाईलच, तर सूझाचं आणि अकबर पदमसींचं स्मरण ठेवा. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत पोलिसांनी सांगूनही पदमसींनी चित्र उतरवलं नाही, आणि कोर्टात ते जिंकले. म्हणून आक्षेप येण्याच्या आधीच पाचही जणांनी ठरवून ठेवा की कुठलं चित्र कुठल्याही परिस्थितीत उतरवायचं नाही. आणि तारखा ठरल्या की इथेच खाली लिहा. मी माझ्या नववी-दहावीच्या मुलांना घेऊन येईन.