टोमॅटोचं बूड काळं का पडतं?

प्रश्न : आमची जमीन काळी, चुनखडीची. टोमॅटो लिंबाएवढा झाला की बूड काळं पडून खाली बसतं. दुकानदाराने दोनदा बुरशीनाशक मारायला लावलं, पैसे गेले, फरक शून्य. आता म्हणतो कॅल्शियम कमी आहे. चुनखडीच्या रानात कॅल्शियम कमी कसं?

उत्तर : दादा, तुमची शंका बरोबर आहे, रानात कॅल्शियम भरपूर असणार पण ते फळापर्यंत पोचत नाहीये. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, त्यातलं जास्त पानं ओढून घेतात आणि एकदा पानात बसलं की तिथून फळाकडे सरकत नाही, त्यामुळे आठ दिवस ताण आणि मग एकदम पाट भरून पाणी असं चाललं की फळ उपाशीच. हा रोग नाही, बुरशीनाशकाने काय होणार! पाणी थोडं थोडं पण नेमानं द्या, जमलं तर ड्रिप आणि मल्चिंग (जमिनीवर आच्छादन) करा, युरियाचा हात आखडता घ्या. फळं वाटाण्याएवढी असतानाच कॅल्शियम नायट्रेट लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारा, त्यात सल्फेट किंवा फॉस्फेटचं खत मिसळू नका, साका बसून नोझल चोंदतं. काळी पडलेली फळं तोडून टाका, ती काही सुधारत नाहीत. आणि शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता, चुनखडीत लोह हमखास अडकतं.