पोलीस दाखला आडवा येतोय, सुतारकाम कुठं मिळेल?

*ताई, वय ३४, गाव सांगली जिल्ह्यातलं. बांधाच्या वादात चुलतभावाला मारहाण झाली, कलम ३२६ लागलं, येरवड्यात शिक्षा भोगली. सुतारकाम तिथंच शिकलो. सुटल्यावर चाकणला एका ठेकेदाराकडं लाकडी पेट्या ठोकायला लागलो. पोलीस पडताळणीचा कागद मागितला आणि गेटपास बंद झाला. मेव्हणा म्हणतो, कुणाला काही सांगू नको, नाहीतर सोसायटीत वॉचमन हो. आई म्हणते, जाशील तिथं आधी सांगून टाक. कुणाचं ऐकू? — नाव छापू नका*

भाऊ, दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. वॉचमनचं मात्र डोक्यातून काढा. सिक्युरिटी एजन्सीला शिक्षा झालेला माणूस गार्ड म्हणून ठेवता येत नाही, २००५ च्या कायद्यातच तसं लिहिलंय. लपवून लागलात तरी पडताळणी येणारच, म्हणजे पुन्हा चाकणचीच गत.

सुतारकामाला असं बंधन नाही. वायरमनला परवाना लागतो, सुताराला कसलाच नाही. तुम्ही आडलात ते एमआयडीसीच्या गेटवर, कारण तिथं हातातलं काम बघायच्या आधी कागद बघतात. ते गेट सध्या सोडा. आणि ‘पाच हजार द्या, रेकॉर्ड क्लीन करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. इंग्लंडात ठरावीक वर्षांनी बऱ्याच जुन्या शिक्षा सांगाव्या लागत नाहीत, तसा कायदा १९७४ पासून आहे. आपल्याकडं सज्ञान माणसांसाठी तसा सरसकट कायदाच नाही, मग हा एजंट काय पुसणार?

कामासाठी मजूर अड्ड्यावर उभं राहण्यापेक्षा प्लायवूडच्या दुकानात किंवा लाकडाच्या वखारीत जा. मिस्त्री लोकांची उधारी तिथं असते. कुणाची साइट अडकलीय, कुणाचा कारागीर गावी पळालाय, हे दुकानदाराला मिस्त्रीच्या बायकोच्या आधी कळतं. सकाळी माल भरायला टेम्पो लागतात तेव्हा जा, स्वतःचा रंधा आणि पटाशी पिशवीत घेऊन. पटाशीला धार असली की निम्मी ओळख तिथंच झाली. सुरुवातीला स्क्वेअर फुटावर काम घेऊ नका, रोजावर घ्या. तुरुंगात तुम्ही भरीव लाकडाची टेबलं-कपाटं केली असतील, बाहेर सगळा कारभार प्लाय, सनमायका आणि एजबँडचा, म्हणजे प्लायच्या कडेला चिकटवायच्या पट्टीचा. सनमायका एका बाजूला फुगला की मालक कपाटाचं अख्खं दार बदलून मागतो. हात बसेपर्यंत तो तोटा मिस्त्रीच्या अंगावर राहू दे, तुमच्या नको.

आता सांगायचं कधी? दारात पाऊल टाकताच नाही, आणि कुणाच्या घराची किल्ली हातात आल्यावर तर नाहीच. दोन-तीन दिवस काम दाखवा, मग राहत्या घरातल्या साइटवर पाठवायच्या आधी मिस्त्रीला बाजूला घेऊन सांगा. फक्त मिस्त्रीलाच. सगळ्या कारागिरांपुढं कथा लावायची गरज नाही. ‘बांधावरून भांडण झालं, मी चुलतभावाला मारलं, शिक्षा पुरी करून आलोय, आता केस नाही.’ एवढंच. तुमच्या पत्रात ‘मारहाण झाली’ असं आहे, जणू गारपीटच झाली. मिस्त्रीला ते लगेच कळेल. ‘मी मारलं’ म्हणा. ऐकणारा पुढचा प्रश्न विचारेल तो दारूचा, त्याचं खरं उत्तर तयार ठेवा. दहातले काही जण नको म्हणतीलच. त्यांच्याशी वाद घालू नका, झालेल्या दिवसांचा रोज मागून घ्या आणि निघा. छापील फॉर्मवर गुन्ह्याचा रकाना असेल तर तिथं खोटं लिहू नका, कारण मग जुन्या गुन्ह्यापेक्षा ते खोटंच जास्त महागात पडतं.

स्वतःचं काम उभं करायचं असेल तर पीएम विश्वकर्मा योजना बघा. २०२३ साली सुरू झाली, १८ पारंपरिक व्यवसायांत सुतार आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत, आणि पुढं ५ टक्के व्याजानं विनातारण कर्ज, पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत. अर्ज सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी कामांचे ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात भरतात. गावात राहत असाल तर त्याची पहिली छाननी ग्रामपंचायतीत होते. तिथं भावकी बसलेली असेल, हे मी समजू शकते. म्हणून आईलाच आधी सरपंचांकडं पाठवा, तुमच्यापेक्षा आईचा शब्द गावात जड असेल.

साइटवर वर्षात ९० दिवस भरले की बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडं नोंदणी होते. त्यासाठी ठेकेदाराचा दाखला लागतो, तेव्हा हजेरी स्वतःच्या वहीत लिहून त्याची सही घेत चला. शिवाय जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) असतात. सुटकेचा कागद आणि तुरुंगाच्या कारखान्यात काम केल्याचा काही दाखला मिळाला असेल तर तो घेऊन त्यांना भेटा. सुटून आलेल्यांसाठी काय मदत आहे ते तोंडी ऐकून परतू नका, तिथंच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.