‘लास्ट ऑफ द मोहिकन्स’मधल्या बंदुका खऱ्या होत्या का? आणि शॉर्टफिल्मसाठी तशी बंदूक कशी करायची?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, खऱ्या. म्हणजे पिक्चरची गोष्ट ज्या काळातली आहे त्या 1757 सालच्या नव्हेत, नंतर बनवलेल्या नकला, पण चालणाऱ्या. गारगोटी खरी, दारू खरी, फक्त गोळी घातलेली नसते. दुसरा प्रश्न, की आम्ही कॉलेजची पोरं ऐतिहासिक शॉर्टफिल्म करतोय तर आम्हाला तशी कशी करता येईल, त्याच्यावर येतो, पण जरा वेळ लागेल. हा विषय निघाला की आमच्या घरात बायको उठून आत जाते, त्यावरून काय ते समजा.

मी सात-आठ वर्षं मुंबईत आर्ट डिपार्टमेंटला प्रॉप्सचं काम केलं. मूळचा कुडाळच्या बाजूचा. घरी आजोबांकडं ठासणीची बंदूक, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, निवडणूक लागली की पोलीस स्टेशनला जमा करायची आणि संपली की जाऊन परत आणायची. ते भरायला बसले की मी समोर उकिडवा. आधी दारू, वर नारळाच्या काथ्याचा बोळा, मग छर्रे, परत काथ्या, आणि प्रत्येक वेळी गजानं ठासणं. शेवटी गज आत तसाच ठेवून नळीच्या बाहेर किती बोटं उरला ते मोजायचे. रिकाम्या नळीत जेवढा उरतो त्याच्यापेक्षा चार बोटं जास्त म्हणजे भरलेली. मी वाकून बघायला गेलो की ओरडायचे, “मेल्या, नळयेक तोंड लावू नको!” त्यामुळं आजही पडद्यावर कोणी बंदूक भरताना दिसला की माझी नजर आधी गजावर जाते. डमीची नळी तोंडापासून दोन-तीन इंचांवर बंद केलेली असते, त्यामुळं नट गज नुसता तोंडाशी टेकवून वरखाली करतो, दात घासल्यासारखा. आपल्याकडच्या नव्वद टक्के मालिकांत हेच चालतं (नव्वद हा आकडा माझ्या रागाचा आहे, मोजलेला नाही).

तर मोहिकन्स. 1992चा पिक्चर, मायकल मानचा. इंग्रज-फ्रेंचांची अमेरिकेतली लढाई, लेक जॉर्जच्या काठचा फोर्ट विल्यम हेन्री, ऑगस्ट 1757चा वेढा. खरी जागा न्यूयॉर्क राज्यात, पण शूटिंग नॉर्थ कॅरोलिनात, तिथं लेक जेम्सच्या काठी अख्खा किल्ला उभा केला होता. इंग्रज शिपायांच्या हातात ब्राऊन बेस नावाची बंदूक, पाऊण इंच तोंडाची, आतून गुळगुळीत. फ्रेंचांकडं शार्लव्हील, 0.69 इंचाची, म्हणजे थोडी बारीक. आणि हीरो हॉकायच्या, म्हणजे डॅनियल डे-लुईसच्या हातात ती लांबलचक रायफल, जर्मनीहून पेनसिल्व्हेनियात येऊन राहिलेल्या कारागिरांच्या घराण्यातली, आतून पीळ काढलेली. मूळ कादंबरीत तिला नावसुद्धा आहे, किलडीर. बाकी त्याच्याबरोबरच्या मोहिकन चिंगाचगुकच्या हातात जी बंदुकीच्या दस्त्याच्या आकाराची लाकडी गदा आहे ना, ती पण कोणाच्या डोक्यातून आलेली नाही, तशी हत्यारं तिथल्या आदिवासी लोकांत खरंच होती.

पळत पळत भरणं शक्य आहे का, हेही तुम्ही विचारलंय. शक्य आहे, पण फुकट नाही. ब्राऊन बेस कवायतीतला शिपाई मिनिटाला तीन वेळा उडवायचा, कारण गोळी नळीपेक्षा बारीक, टाकली की गडगडत खाली जाते. पण मग शंभर यार्डांपलीकडं नेम म्हणजे देवाचं नाव. रायफल दोनशे यार्डांवर माणूस टिपते, पण गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून पिळातून दाबत न्यावी लागते, त्याला अर्धा-एक मिनिट सहज जातं. पळता पळता भरायची तर चिंधीला रजा, गोळी सैल, नेम तेवढा कच्चा. डे-लुईसनं शूटिंगच्या आधी जंगलात राहून हे सगळं शिकून घेतलं होतं आणि रायफल जिथं तिथं बरोबर न्यायचा असं सांगतात. शेवटच्या मारामारीत दोन हातांत दोन बंदुका घेऊन उडवतो तिथं मात्र सरळ शिट्टी मारायची, एकेक चारेक किलोची वस्तू आहे ती.

पण माझ्या दृष्टीनं त्या पिक्चरमधली खरी गोष्ट बंदूक नाहीच. डे-लुईसचे डोळे बघा.

गारगोटीच्या बंदुकीचा बार दोनदा उडतो. आधी कान, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला बाजूला असलेलं भोक, मग तोंड. चाप ओढला की घोडा पुढं पडतो, त्याच्या दातात धरलेली गारगोटी पोलादी पात्यावर घासते, पातं पुढं उलटतं, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकीवर, म्हणजे चिमूटभर दारूवर, पडतात, रंजक भपकन पेटते, ती आग कानाच्या भोकातून नळीत जाते आणि मग मोठा बार. मधे पापणी लवेल एवढा वेळ जातो. आणि हा पहिला भपका नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर होतो! कोणाचेही डोळे मिटणार. न मिटण्याची सवय करून घ्यावी लागते, आणि त्या माणसानं ती केलेली दिसते. तुम्ही परत बघाल तेव्हा आवाज बंद करा आणि फक्त कान आणि डोळे बघा.

आता माझं दुखणं. बारा-तेरा वर्षं झाली असतील. एका ऐतिहासिक मालिकेसाठी (नाव विचारू नका) मी सहा गारगोटीच्या बंदुका केल्या, पेशवाईच्या उत्तरार्धातला प्रसंग होता म्हणून. एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा पाइप, पुढून वेल्डिंगनं कायमचा बंद, मागं कानाचं भोक नाहीच, सागाचा दस्ता. कमानीसाठी, म्हणजे स्प्रिंगसाठी हॅक्सॉचं पातं, आणि ठिणगीचं पातं जुन्या कानशीतून घासून काढलं, कारण साध्या लोखंडाला गारगोटी कितीही घासा, ठिणगी पडत नाही. गारगोट्या नगरकडच्या मित्रानं शेतातल्या पाठवल्या, पिशवीभर. फोडून फोडून धारेच्या चकत्या काढल्या, चामड्याच्या तुकड्यात धरून घोड्याच्या दातात आवळल्या. चामडं नसेल तर गारगोटी सटकते, हे मला तिसऱ्या दिवशी अंगठा कापल्यावर कळलं. तीन आठवडे गेले. ठिणगी पडायला लागली त्या रात्री मी लाइट बंद करून एकटाच खटक खटक करत बसलो होतो.

सेटवर ब्लास्टवाले मामा होते, परवानावाले, त्यांनी वाटीत चिमूटभर मसाला घातला. पहिला टेक. ठिणगी पडली, भपका झाला, एकदम झकास, आणि आमच्या हीरोनं डोळे गच्च मिटून तोंड असं फिरवलं की जसं पोरगं सुतळी बॉम्ब लावून पळतंय. चौथ्या टेकला त्याला भुवईचा वास आला. भुवईला काही झालं नव्हतं, मी स्वतः बघितली, पण वास आला म्हणजे आला, मॅनेजर आला, खुर्ची आली, नारळपाणी आलं. डायरेक्टर म्हणाले, मसाला काढा, धूर पोस्टमध्ये, नंतर कॉम्प्युटरवर टाकू. मी म्हटलं सर, धूर टाकाल हो, पण घोडा पडला पाहिजे, पातं उलटलं पाहिजे, नाहीतर बार कुठून आला. एक दिवस द्या, मी त्यांच्याकडून पन्नास वेळा नुसत्या ठिणगीवर प्रॅक्टिस करून घेतो, डोळे आपोआप उघडे राहतील. तर मला काय म्हणाले माहितीय? “अरे, प्रेक्षक हीरोचा चेहरा बघतो, तुझी गारगोटी नाही.” सगळे हसले. मी पण हसलो, पगार तिथूनच येत होता.

एपिसोड लागला. क्लोजअप, हीरो डोळे उघडे ठेवून करारी, नळीतून ढीगभर धूर, आणि घोडा? चढलेलाच. पातं? मिटलेलंच. दहा वाजता गावाहून आजोबांचा फोन, तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते, कानानं कमी पण नजर पक्की. “अरे झिला, घोडो चढलेलोच आसा, मगे बार खयसून इलो?”

सर, तुम्ही हे वाचत असाल तर, प्रेक्षक बघतो.

बरं, तुमची शॉर्टफिल्म. आधी काळ ठरवा. शिवकाळ असेल तर गारगोटीची बंदूक विसराच, तिथं तोड्याची बंदूक हवी, म्हणजे घोड्याच्या दातात जळती वात आणि हातात तिची गुंडाळी, आणि ती वात पेटलेली दिसली पाहिजे हो, नुसता पांढरा दोरा बांधून मावळे उभे करू नका. गारगोटीवाली पलटण बघायची तर महादजी शिंद्यांकडं या, त्यांचा युरोपियन सरदार दि बॉयन, त्याच्या कवायती तुकड्या, 1784च्या पुढं. हे एवढं बरोबर केलंत तरी निम्म्या मालिकांच्या पुढं जाल.

मग नळी बंद ठेवा पण तोंडाशी नको, शक्य तितकी मागं, म्हणजे गज पूर्ण आत जाईल. कारागिराला हे आधी सांगा, नंतर होत नाही. घोडा आणि पातं हलणारं करा. ठिणगी खरी आणि धूर खोटा चालेल, उलटं नको. धूर कॉम्प्युटरवर टाकणार असाल तर आधी कानाजवळ, नंतर तोंडाशी, मधे दोन-तीन फ्रेम सोडा. आणि नटाकडून घरी प्रॅक्टिस करून घ्या, रोज पन्नास ठिणग्या, चष्मा लावून. मागं उभ्या गर्दीला लाकडी-फायबर काहीही द्या, ते हॉलिवूडवाले पण रबरी देतात. खर्च किती येईल ते मी सांगत नाही, माझे भाव तेव्हाचे आहेत आणि लेथवाला आता फोन उचलत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. अमेरिकेत-कॅनडात जुन्या लढायांची नाटकं करणारी हौशी मंडळी असतात, त्यांच्या हातातल्या बऱ्याच ब्राऊन बेस आपल्या भारतात बनलेल्या असतात. कानाचं भोक न पाडता पाठवतात. भोक नाही म्हणजे उडत नाही, म्हणजे शोपीस. तिकडं गेल्यावर ड्रिल मारलं की झाली बंदूक. आणि आम्हाला इथं सहा शोपीस करायला तीन आठवडे.

हां, आणि हे आधीच लिहायला हवं होतं. वर सगळं वाचून कोणी खरी दारू, खरं भोक असले उद्योग करू नका. ठासणीची असली तरी ती कायद्यानं बंदूकच आहे, 1959चा आर्म्स ॲक्ट, परवाना लागतो. आजोबांची घरात आहे म्हणून सेटवर आणू, हा विचारसुद्धा नको, तो परवाना शेतासाठी आहे. गोळी नसली म्हणजे धोका नाही हा पण गैरसमज. त्याच नॉर्थ कॅरोलिनात, मोहिकन्स लागल्यावर वर्षभराच्या आत, मार्च 1993 मध्ये नट ब्रँडन ली सेटवर गेला, नळीत अडकलेला गोळीचा तुकडा ब्लँकनं, म्हणजे गोळी नसलेल्या काडतुसानं बाहेर फेकला. 2021 मध्ये न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर कॅमेरावुमन गेली, रिहर्सलला, धोका नाही असं समजून हातात घेतलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये खरी गोळी होती. ते लढाईची नाटकं करणारे तर बार उडवायच्या वेळी गज नळीत घालतच नाहीत, गडबडीत आत राहिला तर भाल्यासारखा सुटतो म्हणून. भपका पण बाजूच्या माणसाच्या तोंडावर येतो, त्यामुळं खरा मसाला फक्त परवानावाल्या ब्लास्टवाल्याच्या हातात, आणि बजेट नसेल तर मसालाच नको.

माझ्या सहापैकी पाच कुठल्यातरी गोडाऊनमध्ये गेल्या, एक माझ्याकडं माळ्यावर आहे. घोडा पडतो, पातं उलटतं, गज मात्र तोंडाशीच अडतो, ती चूक माझी. पुण्या-मुंबईत शूटिंग असेल तर मेसेज करा, भाडं नको, गारगोट्या तेवढ्या तुम्ही आणा, माझ्या संपल्या.