माझ्या डेस्कटॉपमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं चालतील का, हे कसं तपासायचं?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय, 'बोर्डवर दोन लांब स्लॉट आहेत, म्हणजे दोन कार्डं बसतीलच ना?' बसतील हो. माझीही बसली होती.

२०१६ ची गोष्ट. पुण्यात कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो, मशीनमध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स ९७० हे एक कार्ड होतं. मेव्हणा हिंजवडीच्या आयटी पार्कात नोकरीला, त्यामुळे घरातल्या यच्चयावत वायरींवर शेवटचा शब्द त्याचा. "भाऊजी, अजून एक सेकंडहँड ९७० घ्या, एसएलआय करू. स्लॉट आहे ना? मग झालं!" एसएलआय म्हणजे एनव्हिडियाची दोन कार्डं जोडून एकाच गेमला जुंपणं. दोघं तापकीर गल्लीत गेलो. दुकानदारानं एकच प्रश्न विचारला, "बोर्ड कुठला?" मेव्हणा म्हणाला, "एकदम लेटेस्ट." दुकानदार माझ्याकडे बघून गप्प बसला. तेव्हाच समजायला हवं होतं.

रविवारी दुपारी कॅबिनेट फरशीवर आडवं घातलं आणि कार्ड खटकन बसवलं. खाली हार्ड डिस्कच्या साटा केबली चेपल्या, पण बसलं. विंडोजला दोन्ही कार्डं दिसली. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये एसएलआयचा पर्याय मात्र नाही. ड्रायव्हर काढला, टाकला, पुन्हा काढला. शेवटी कार्ड उपसून मोबाइलच्या टॉर्चनं स्लॉटमध्ये पाहिलं, तर सोनेरी पिना सुरुवातीच्या भागातच. पुढे नुसतं प्लॅस्टिक. बी१५० चिपसेटचा बोर्ड, दुसऱ्या स्लॉटची लांबी सोळा लेनची, आणि लेन, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा, चारच. एसएलआयला किमान आठ लागतात.

मेव्हणा मानतोय थोडाच! "कार्डच खराब असेल, दोन्हींवर स्ट्रेस टेस्ट लावू." दोन ९७० ना मिळून वीज देणारी सहा पिनांची चार कनेक्टर लागत होती, पॉवर सप्लायला होती दोन. उरलेली त्यानं मोलेक्सच्या, म्हणजे जुन्या चार पिनांच्या प्लगच्या, अडॅप्टरवर भागवली होती. पंधराएक मिनिटांत वास सुटला. मी ओरडलो, "आमटी लागली का गं?" आतून उत्तर आलं, "माझा गॅस बंद आहे. करपतंय ते तुमच्याकडचं." पांढरं कनेक्टर पिवळ्या वायरीपाशी तपकिरी होऊन वितळलं होतं.

आता तुमचं. आहे तेच कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहा, फुकटात होतं. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बस इंटरफेसची ओळ वाचा. '@' च्या पुढे ४ दिसलं तर ती चार लेनच, ८ दिसलं तर बोर्ड बरा आहे. मॅन्युअलही वाचा, कारण काही बोर्डांवर एम.२ एसएसडी (थेट बोर्डवर बसणारी डिस्क) लावली की दुसरा स्लॉट बंद पडतो. सप्लायची नुसती वॅट मोजू नका, पीसीआयईची, म्हणजे कार्डाला वीज देणारी, कनेक्टर मोजा. स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनांतून ७५, आठ पिनांतून १५०. मोलेक्सचं अडॅप्टर घरात आणू नका.

आणि गेमसाठी विचारत असाल तर सोडून द्या. २० सिरीज आणि त्याआधीच्या कार्डांना नवीन एसएलआय प्रोफाइल, म्हणजे एखादा गेम दोन कार्डांवर चालवायची ड्रायव्हरमधली सेटिंग, देणं एनव्हिडियानं १ जानेवारी २०२१ पासून थांबवलं. ३० सिरीजमध्ये जोडणीची सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआय ला, ४० मध्ये कुणालाच नाही. जुनं विका, एकच चांगलं घ्या.

हां, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर किंवा जास्तीचे मॉनिटर असं काही असेल तर वरचं बरंचसं विसरा. तिथे एसएलआय लागत नाही, चार लेनवरही काम निघतं. फक्त कार्डांची ८ आणि ८ जीबी मेमरी मिळून १६ होईल असं धरू नका. सीन दोन्ही कार्डांत वेगवेगळा चढतो.

मेव्हणा आजही सांगतो की माझा सप्लाय हलका होता. सप्लाय ५५० वॅटचा होता आणि नंतर चार वर्षं चालला. हलकं होतं ते अडॅप्टर, आणि ते खिशातून काढून त्यानंच लावलं होतं.