स्वित्झर्लंडमधल्या दुसऱ्या श्रेणीच्या फुटबॉल लीगचा हंगाम कसा असतो? त्यात जीव गुंतवण्यासारखं काही असतं का?

तुम्ही लिहिलं आहे की नोकरीसाठी बाडेनला येताय, घराजवळचा क्लब म्हणजे एफसी आराऊ दुसऱ्या श्रेणीत खेळतो, आणि त्याचे सामने बघावेत की सरळ झ्युरिक आणि बासलच्या मोठ्या क्लबांकडे वळावं, हे ठरत नाहीये. मी याच भागात राहतो आणि आराऊचा पाठीराखा आहे, त्यामुळे तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नका. आराऊलाच जा. वरच्या श्रेणीत खेळ जास्त देखणा असतो, पण हंगामभर जीव टांगणीला लागतो तो खालच्या श्रेणीत.

आधी रचना सांगतो. सगळ्यात वर सुपर लीग, तिच्याखाली चॅलेंज लीग, मग प्रमोशन लीग, त्याखाली एर्स्टे लीगा आणि पुढे थेट गावकीच्या संघांपर्यंत उतरत जाणाऱ्या श्रेणी. आराऊ खेळतो ती चॅलेंज लीग. २००३ पर्यंत तिचं नाव नाट्सिओनाललीगा बे होतं, आणि मैदानावरचे आजोबा लोक अजूनही ‘नाटी बे’च म्हणतात. या लीगमध्ये दहाच संघ असतात. प्रत्येक संघ दुसऱ्याशी चार वेळा खेळतो, दोनदा घरी आणि दोनदा बाहेर, म्हणजे एकूण ३६ फेऱ्या. जुलैच्या उकाड्यात सुरुवात होते, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत हिवाळी सुट्टी असते आणि मे महिन्यात शेवट.

एकाच संघाशी चार वेळा खेळणं कंटाळवाणं वाटेल. प्रत्यक्षात हंगामाला रंग चढतो तो त्यामुळेच. ऑगस्टमध्ये ज्या विंगरने आपल्या बचावपटूला तीनदा चकवलं, तोच ऑक्टोबरमध्ये परत समोर येतो, आणि तोवर आपल्या प्रशिक्षकाने काहीतरी उपाय शोधलेला असतो. मार्चमध्ये समोरच्याने त्या उपायावर तोड काढलेली असते. मे महिन्यात चौथ्यांदा गाठ पडते तेव्हा दोन्ही संघांना एकमेकांची अंगकाठी, सवयी, खोड्या सगळं पाठ असतं. प्रेक्षकांनाही. माझ्या शेजारी उभे राहणारे एक निवृत्त गृहस्थ समोरच्या गोलकीपरचा कमजोर पाय कोणता हे सामना सुरू व्हायच्या आधीच सांगतात.

आता मुद्द्याचं. या दहा संघांतून थेट सुपर लीगमध्ये जातो फक्त एक. दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला सुपर लीगच्या तळाकडच्या एका संघाशी दोन सामन्यांची लढत द्यावी लागते. तिला इथे ‘बराज’ म्हणतात. मधली काही वर्षं बंद असलेली ही पद्धत २०१८-१९ च्या हंगामापासून परत आली. खाली, दहावा संघ प्रमोशन लीगमध्ये जातो. भारतातल्या आयएसएल या फुटबॉल लीगमध्ये संघ तळाला राहिला तरी पुढच्या वर्षी तिथेच खेळतो, त्यामुळे आपल्याला या गोष्टीचा अंदाज नसतो. इथे नवव्या आणि दहाव्या क्रमांकातला फरक म्हणजे खेळाडूंचे करार, क्लबचं अंदाजपत्रक आणि प्रायोजक टिकणार की नाही याचा निकाल असतो.

आराऊचा इतिहास तुम्हाला माहीत असावा असं मला फार वाटतं, कारण त्याशिवाय ब्र्युग्लिफेल्ड मैदानावरच्या लोकांचे चेहरे कळणार नाहीत. १९०२ चा क्लब. तीन वेळा राष्ट्रीय विजेता, शेवटचं विजेतेपद १९९३ चं. १९८५ मध्ये स्विस चषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक होते ओटमार हिट्सफेल्ड, ज्यांनी पुढे डॉर्टमुंड आणि बायर्न म्युनिक या दोन्ही संघांना चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. १९८१ ते २०१० हा छोट्या गावाचा क्लब सलग सर्वोच्च श्रेणीत टिकून होता. दरवर्षी लोक म्हणायचे, यंदा हे खाली जाणार, आणि दरवर्षी आराऊ वाचायचा. २०१० मध्ये मात्र घसरला.

दोन वर्षांनी बराज खेळायला मिळाली. समोर सिओं. त्या क्लबने बंदी असताना घेतलेले खेळाडू मैदानात उतरवले होते, प्रकरण दिवाणी न्यायालयांपर्यंत नेलं होतं, आणि शेवटी त्याचे ३६ गुण कापले गेले होते. एरवी हा संघ गुणतक्त्यात बराच वर असता. शिक्षेमुळे तो खाली आला आणि नेमका आराऊच्या वाट्याला आला. पहिला सामना सिओंने ३-० ने जिंकला, परतीचा आराऊने १-० ने. पुढच्याच हंगामात आराऊने लीग जिंकून वर धडक मारली, पण २०१५ मध्ये परत खाली.

मग २०१८-१९. त्या हंगामाची सुरुवात इतकी वाईट होती की शरद ऋतूत संघ तळाशी पडला होता आणि चर्चा प्रमोशन लीगमध्ये घसरण्याची चालली होती. प्रशिक्षक पॅट्रिक राहमेन यांना क्लबने काढलं नाही. मला या देशातल्या फुटबॉलबद्दल जे आवडतं त्यातली ही एक गोष्ट. संघ हळूहळू सावरला, चढत चढत सेर्व्हेतच्या मागोमाग दुसरा आला आणि बराजमध्ये पोहोचला. समोर न्यूशातेल झामाक्स. ३० मे २०१९ ला त्यांच्याच मैदानावर आराऊने ४-० असा विजय मिळवला. परतीचा सामना २ जूनला ब्र्युग्लिफेल्डवर. चार गोलांची आघाडी, घरचं मैदान, गावाने उत्सवाची तयारी केलेली. झामाक्सने तिथे ४-० ने जिंकून बरोबरी साधली, जादा वेळेत निर्णय लागला नाही, आणि पेनल्टींमध्ये आराऊ हरला. या सामन्याबद्दल ब्र्युग्लिफेल्डवर कुणाला आपणहून विचारू नका. ते स्वतः सांगतील तेव्हा ऐका.

माझ्या मते ही लीग समजून घ्यायला सगळ्यात चांगला हंगाम २०२१-२२ चा. आराऊ, विंटरटूर आणि शाफहाउसन अशी तिघांची शर्यत होती. शाफहाउसनची गोष्ट तर हंगाम सुरू होता होताच बदलली. त्यांचे प्रशिक्षक मुरात याकिन यांना ऑगस्ट २०२१ मध्ये स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संघाचं प्रशिक्षकपद मिळालं. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबच्या बाकावरून उठून थेट राष्ट्रीय संघ, आणि त्या संघाने इटलीला मागे टाकून २०२२ च्या विश्वचषकात थेट प्रवेश मिळवला. इकडे मार्टिन आंडरमाट यांनी शाफहाउसन सांभाळलं आणि संघ शर्यतीतून हटला नाही. विंटरटूरचे प्रशिक्षक अलेक्स फ्राय, म्हणजे ४२ गोलांसह स्वित्झर्लंडकडून सर्वाधिक गोल करणारा माणूस.

२१ मे २०२२, शेवटची फेरी. शेवटच्या फेरीतले सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, कुणाला दुसऱ्याचा निकाल पाहून खेळता येऊ नये म्हणून. आराऊ गुणतक्त्यात सर्वांत वर होता. घरच्या मैदानावर फाडुट्सविरुद्ध जिंकलं की झालं, असं साधं गणित होतं. फाडुट्स त्या शर्यतीत नव्हता. विंटरटूर गेला होता क्रिएन्सला, जो संघ आधीच खाली घसरलेला होता. मी ब्र्युग्लिफेल्डवर उभा होतो. त्या संध्याकाळी माझ्या आजूबाजूच्या प्रत्येकाचा एक डोळा मैदानावर आणि एक फोनवर होता, आणि फोनवर विंटरटूरचे गोल वाढत चालले होते. त्यांनी क्रिएन्सला ५-० ने हरवलं. आराऊ फाडुट्सकडून १-२ ने हरला. विंटरटूर पहिला, शाफहाउसन दुसरा, आराऊ तिसरा. म्हणजे बराजसुद्धा नाही. ३६ फेऱ्यांचं काम शेवटच्या नव्वद मिनिटांत हातचं गेलं.

दुसऱ्या बाजूनेही बघायला हवं, कारण त्या रात्री विंटरटूरमध्ये जे झालं तेही याच लीगचं देणं आहे. तो क्लब १९८५ नंतर पहिल्यांदा सर्वोच्च श्रेणीत गेला, ३७ वर्षांनी. त्यांचं शुट्सेनवीसे मैदान रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याएवढं जवळ आहे. तिथे उभ्याने सामना बघणाऱ्यांचा भाग ‘बिअरकुर्वे’, आणि मुलांसाठी वेगळा ‘सिरुपकुर्वे’, जिथे पोरांना सरबत मिळतं. मैदानातच एक छोटं कलादालनही आहे. वर गेल्यावरही त्यांनी हे सगळं तसंच ठेवलं. आराऊचा असूनही मला त्यांचं कौतुक वाटतं. शाफहाउसनची बराज मात्र लुत्सर्नविरुद्ध गेली: घरी २-२, तिकडे ०-२.

फाडुट्सचं नाव आलंच आहे तर सांगतो. तो क्लब स्वित्झर्लंडचा नाही, लिश्टनस्टाइनचा. त्या देशाला स्वतःची लीग नाही, त्यामुळे त्यांचे क्लब स्विस लीगमध्ये खेळतात, आणि युरोपीय स्पर्धेची जागा मिळते ती त्यांच्या स्वतःच्या चषकातून. याचा परिणाम असा की २०२२ च्या उन्हाळ्यात, चॅलेंज लीगमध्ये असतानाच, फाडुट्सने कोन्यास्पोर आणि रापिड व्हिएन्ना यांना बाहेर काढून कॉन्फरन्स लीगच्या गटसाखळीत प्रवेश केला. गुरुवारी युरोप, आणि रविवारी दुसऱ्या श्रेणीचा सामना.

या श्रेणीतली दुसरी लढाई कागदावर असते. दर वसंतात क्लबांना पुढच्या हंगामाचा परवाना मिळवावा लागतो. पैसा, मैदान, सुरक्षा, सगळं तपासलं जातं. सेर्व्हेत, १७ वेळा राष्ट्रीय विजेता, २००५ मध्ये दिवाळखोर होऊन तिसऱ्या श्रेणीत गेला. पुढे २०१५ मध्ये चॅलेंज लीगमध्ये दुसरा येऊनही पैशांच्या कारणावरून परवाना नाकारला गेला आणि त्याला पुन्हा एक श्रेणी खाली जावं लागलं. झामाक्सची कथा तर आणखी क्लेशकारक. २०११ मध्ये बुलात चागायेव्ह या चेचेन व्यावसायिकाने क्लब घेतला आणि जानेवारी २०१२ मध्ये, हंगामाच्या मध्यावर, क्लब बुडाला. पुढच्या मोसमात त्याने पाचव्या श्रेणीत नव्याने सुरुवात केली आणि २०१८ मध्ये सुपर लीगमध्ये परतला. २०१९ मध्ये आराऊच्या घरी येऊन चार गोल करणारा झामाक्स तो हाच. त्या दिवशी हरल्याचं दुःख मला आजही आहे, पण पाचव्या श्रेणीतून वर आलेल्या क्लबला चार गोलांची पिछाडी किती मोठी वाटणार, हेही मी समजू शकतो.

खेळाडूंबद्दल थोडक्यात. मानुएल आकांजी विंटरटूरकडून याच लीगमध्ये खेळून बासलला गेला आणि २०२३ मध्ये मँचेस्टर सिटीकडून चॅम्पियन्स लीग जिंकला. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संघाकडून खेळलेला रेमो फ्रॉयलरही विंटरटूरमधून पुढे गेलेला. प्रशिक्षक म्हणून जर्मनीला विश्वचषक जिंकून देणारे योआखिम ल्योव आणि चेल्सीला चॅम्पियन्स लीग जिंकून देणारे रोबेर्तो दी मात्तेओ हे दोघे एकेकाळी शाफहाउसनमध्ये एकत्र खेळत होते. तुम्ही वीस वर्षांच्या कुठल्या पोराला बघत आहात हे आज कळणार नाही.

सुपर लीग २०२३-२४ पासून बारा संघांची झाली, त्यासाठी २०२३ मध्ये वर जाण्याच्या जागा वाढवल्या होत्या. इव्हर्दों, लोझान आणि स्ताद लोझान-उशी, असे तीन संघ वर गेले, तिन्ही वो या एकाच प्रांतातले. ती एका वर्षापुरती सवलत होती. आता परत दार एकच, आणि बराजची फट. २०२५ मध्ये ‘तून’ हा क्लब पहिला आला, आराऊ दुसरा, आणि बराजमध्ये झ्युरिकच्या ग्रासहॉपर्स क्लबकडून पहिलाच सामना ०-४ ने हरला. परतीचा १-० ने जिंकला, पण तोवर उशीर झाला होता.

जायचं कसं, तर बाडेनहून आराऊला ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता. ब्र्युग्लिफेल्ड खरं तर शेजारच्या सूर गावाच्या हद्दीत आहे, स्टेशनवरून चालत जा, काळे-पांढरे मफलर घातलेल्या लोकांच्या मागे राहिलं की रस्ता विचारावा लागत नाही. मैदान जुनं आहे. नव्या मैदानाच्या प्रस्तावावर आराऊच्या मतदारांनी एकाहून अधिक वेळा मतदान केलंय, तरी अजून सामने इथेच होतात. उभ्याचं तिकीट घ्या, बसायचं नको, कारण ओळखी उभ्याच्या बाजूला होतात. तिथे ब्राटवुर्स्ट, म्हणजे भाजलेलं सॉसेज, सगळे खातात, शाकाहारी असाल तर फ्राइज मिळतील. जर्मन येत नसली तरी ‘हॉप आराऊ’ एवढं पुरतं. पहिला सामना शक्यतो ऑगस्टमधला बघा आणि तोच प्रतिस्पर्धी वसंतात परत येईल तेव्हाचं तिकीटही काढा. आणि मे महिन्यातली शेवटची फेरी घरच्या मैदानावर असेल, तर त्या दिवशी दुसरं काहीच ठरवू नका. मी उभ्याच्या बाजूला असेनच, भेटा.